जगाच्या अकरा फायली

दप्तररावांनी जगाच्या अकरा फायली केल्या होत्या. जगात अकराहून जास्त देश आहेत हे त्यांना ठाऊक होतं. पण रजा अकरा महिन्यांची मंजूर झाली होती आणि महिन्याला एकापेक्षा जास्त देश उरकणं त्यांना उथळपणाचं वाटत होतं. प्रत्येक देशाला स्वतंत्र फाइल, पाठीवर चिठ्ठी, आत अनुक्रमणिका आणि तातडीच्या कागदांना लाल पताका. वस्तुसंग्रहालयं 'अ' वर्गात, म्हणजे कायम जतन करण्याजोगी. समुद्रकिनारे 'क' वर्गात, म्हणजे पाच वर्षांनी नष्ट केले तरी चालतील असे.

दप्तरराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका मोठ्या कचेरीच्या तळघरात रेकॉर्डकीपर होते. सव्वीस वर्षांत त्यांच्या ताब्यातला एकही कागद हरवला नव्हता, म्हणून कचेरीने हे नाव त्यांना बहाल केलं होतं. त्यातला 'राव' आदराचा की खवचटपणाचा, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. काही प्रकरणं न उघडलेलीच बरी, हे रेकॉर्डातल्या माणसाला लवकर कळतं.

अशा माणसाच्या डोक्यात बायको-पोरांना घेऊन जग फिरायचं खूळ का शिरावं? तर थोरलीमुळे. थोरली तेरा वर्षांची. पुढच्या वर्षी ती मोठ्या परीक्षेच्या वर्गात जाणार, मग क्लास, मग त्याहून मोठा क्लास, मग वसतिगृह. आत्ताच ती घरात असून नसल्यासारखी होती. शाळेतून आली की खोलीचं दार लोटायची आणि बापाने काहीही विचारलं तरी "काही नाही" एवढंच म्हणायची. "अगं, पंखा बंद करू का?" यालाही "काही नाही". एके दिवशी दप्तररावांनी बोटांवर हिशेब केला. पोरगी आपल्यासोबत फिरायला येईल असं हे शेवटचं वर्ष. त्यानंतर ती आपली मुलगी राहील, पण आपल्याबरोबर राहणार नाही. हा विचार त्यांना तळघरात, जिन्याखालच्या कपाटापाशी आला आणि ते तिथेच स्टुलावर बसले.

रविवारी सगळे जेवत असताना त्यांनी कार्यक्रम वाचून दाखवला. पहिला देश, प्रस्थान, आगमन, विश्रांती, पुढचा देश.

"तिथे लिफ्ट आहे का?" सहा वर्षांच्या धाकट्याने विचारलं. त्याच्या लेखी उत्तम देश म्हणजे लिफ्टवाला देश.

"अहो, आणि घराचं काय?" बायकोने विचारलं.

"भाड्याने देऊ. त्यातून निम्मा खर्च सुटतो."

"आणि माझी शिवणकामाची मशीन?"

"परिशिष्ट दोनमध्ये आहे."

थोरली ताटातला घास फिरवत म्हणाली, "तुम्ही जा."

दप्तररावांनी वहीत लिहिलं : 'कुटुंबात साधकबाधक चर्चा होऊन प्रस्ताव सर्वानुमते संमत.'

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. तळमजल्यावरच्या दंतवैद्याने बजावलं की परदेशात दाढ दुखली तर माणूस संपलाच, तेव्हा चौघांनी निघण्यापूर्वी एकेक दाढ काढूनच घ्यावी. कुठली, ते तो बघून सांगणार होता. वरच्या मजल्यावर जहाजावरचे एक निवृत्त इंजिनियर राहत. त्यांनी पृथ्वीला चौदा प्रदक्षिणा घातल्या होत्या, त्या सगळ्या इंजिनरूममध्ये. दप्तरराव वही घेऊन त्यांच्याकडे गेले.

"जग कसं आहे?" दप्तररावांनी विचारलं.

"गरम," इंजिनियर म्हणाले. बराच विचार करून त्यांनी पुस्ती जोडली, "आणि फार आवाज आहे."

समोरच्या काकूंचा मुलगा परदेशात होता. कुठल्या देशात ते काकूंना नीटसं सांगता येत नव्हतं. "तुम्ही सगळीकडेच जाताय ना, मग वाटेत लागेलच तो," असं म्हणून त्यांनी त्याच्यासाठी लोकरी पायमोज्यांचं पुडकं आणून ठेवलं. पुडक्यावर पत्ता म्हणून त्याचं लाडकं नाव होतं. दप्तररावांनी बिनपत्त्याचं टपाल आयुष्यात स्वीकारलं नव्हतं. पण काकूंचे डोळे भरून आले होते, तेव्हा त्यांनी पोच लिहून दिली.

शाळेत वेगळंच. मुख्याध्यापिकाबाईंनी शाळा सोडण्याचा अर्ज पुढे सरकवला. त्यात कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय छापलेले होते : पालकांची बदली, विद्यार्थ्याचा आजार, विद्यार्थ्याचा मृत्यू.

"आम्ही प्रवासाला चाललोय," दप्तरराव म्हणाले.

"तसा रकाना नाही."

"इतर?"

"इतर नाही. 'इतर' ठेवला की लोक काहीही लिहितात." बाईंना त्यांची दया आली असावी. "बदली लिहा ना. सोपं पडतं."

"बदली झाल्याचा आदेश जोडावा लागेल. खोटं कसं लिहू?"

शेवटी आजारावर तडजोड झाली, पण ती दप्तररावांच्या मनाला इतकी लागली की त्यांनी अर्जाखाली तळटीप दिली : 'आजार शारीरिक नसून पालकांच्या इच्छेच्या स्वरूपाचा आहे.' दोन्ही मुलांची नावं पटावरून निघाली. परत आल्यावर जागा असेल तर बघू, असं बाई म्हणाल्या. थोरली बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होती. घरी येताना तिने विचारलं, "म्हणजे आता माझी शाळा गेली?"

"तात्पुरती."

"तुमचं कधीच काही पूर्ण होत नाही, बाबा. पोहण्याचा क्लास, टेकडीवर जायचं, ती दुर्बीण. फाइल होते फक्त."

दुर्बिणीची फाइल खरंच होती.

धाकट्याच्या पासपोर्टाच्या फोटोत एक पूर्ण दिवस गेला. नियमाप्रमाणे चेहरा निर्विकार हवा आणि दात दिसता कामा नयेत. हसू नकोस म्हटलं की धाकट्याला हसू फुटायचं. फोटोग्राफरने चौदा फोटो काढले आणि पंधराव्याला स्वतःच हसायला लागला. शेवटी दप्तररावांनी मुलाला आपल्या कचेरीबद्दल दोन मिनिटं माहिती सांगितली. सोळावा फोटो उत्तम आला.

कचेरीने निरोपाचा समारंभ केला. साहेबांनी भाषण सुरुवातीपासून भूतकाळात केलं. "ते अत्यंत कर्तव्यदक्ष होते. त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे." कुणीतरी नाक ओढलं. भेट म्हणून भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ मिळालं. ज्याला वर्षभर स्वतःची भिंत नसणार त्याला भिंतीवरचं घड्याळ का, हे विचारणं शिष्टाचाराला धरून झालं नसतं. ते त्यांनी काखेत मारून घरी आणलं.

एवढं सगळं होऊनही प्रवास जुळून आला, हे मान्य केलं पाहिजे. भाडेकरू मिळाला. तिकिटं आली. चार पासपोर्टांवर व्हिसाचे रंगीत शिक्के बसले. ज्या दिवशी शेवटचा व्हिसा आला त्या दिवशी थोरलीने पासपोर्ट हातात घेऊन पानं चाळली आणि एक शिक्का बराच वेळ बघितला. "हा पक्षी आहे की जहाज?" तिने विचारलं. शाळेचा एक सोडला तर आठ महिन्यांत तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. दप्तरराव इतके गांगरले की त्यांनी "चौकशी करून कळवतो" असं उत्तर दिलं.

आणि निघण्याच्या आदल्या रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर, घडू नये ते घडलं. म्हणजे घडताना ते अगदी सुरळीत घडलं, कळलं मागाहून.

रेकॉर्डच्या खात्यात एक शिस्त असते. हाताशी आलेला सुटा कागद हा हरवण्याच्या मार्गावर असलेला कागद समजायचा. त्याला डाव्या वरच्या कोपऱ्यात भोक पाडायचं, त्यातून दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या असलेली दोरी, म्हणजे टॅग, ओवायचा आणि तो फाइलीत अडकवायचा. दप्तररावांचे हात हे काम सव्वीस वर्षं करत होते. त्यासाठी त्यांना डोक्याची गरज उरली नव्हती. प्रवासासाठी त्यांनी कचेरीतून तरफेचं मोठं पंचिंग मशीन रीतसर नोंद करून आणलं होतं. एका दणक्यात सत्तर कागद भेदणारं. तिकिटं, विमा, दाखले, लसीचे कागद, सगळं एकेक करून त्याखालून गेलं. टेबलावर आणखी चार सुटी पुस्तकं दिसली. तीही गेली. चार दणके. धाकट्याने टॅग ओवला. बायकोने आतून विचारलं, "काय ठोकताय हो?" दप्तरराव समाधानाने म्हणाले, "आता काहीही हरवणार नाही."

आणि हरवलं नाही. सकाळी घराच्या किल्ल्या भाडेकरूच्या हातात ठेवून चौघं विमानतळावर पोचले. पाठीवर चार बॅगा, काखेत घड्याळ, आणि ट्रॉलीवर अकरा देश अधिक एक मुख्य फाइल. काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट मागितले. दप्तररावांनी मुख्य फाइल उघडली, टॅग सोडवला आणि चार पासपोर्ट पुढे केले.

बाईने पहिला उचलला. उजेडाकडे धरला. मग त्यातल्या भोकातून तिने दप्तररावांकडे पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"भोक? मीच. का, तिरकं पडलं का?"

"रद्द झालेल्या पासपोर्टाला असं भोक पाडतात, काका."

दप्तररावांनी उरलेले तीन पासपोर्ट एकावर एक नीट रचले. मग अगदी हळू म्हणाले, "चारही समान अंतरावर आहेत हो." का म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मागच्या रांगेतला माणूस "पुढे सरका" म्हणाला, आणि पुढे सरकणं हीच एक गोष्ट आता त्यांना शक्य नव्हती.

बाई भली होती. तिने तिकिटांच्या तारखा महिनाभर पुढे ढकलून दिल्या. त्या महिन्यात नवे पासपोर्ट आणि व्हिसा झाले तर प्रवास, नाही तर तिकिटं बुडाली. थोरलीने हे सगळं ऐकलं. ती रडली नाही की चिडलीही नाही. तिने फक्त आपली बॅग पाठीवरून काढून दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि ते बघून दप्तररावांना वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तडक पासपोर्टाच्या कचेरीत गेले. दारासमोर झेरॉक्सवाल्याचं दुकान. अशा दुकानदारांना आतल्या साहेबांपेक्षा जास्त कळतं. त्याने भोकं पाहिली आणि शीळ घातली.

"अर्जात कारण विचारतील. लहान मुलाने केलं असं लिहा, तीन आठवड्यांत नवे. मोठ्या माणसाने केलं म्हणाल तर चौकशी. सहा महिने तरी विसरा."

"पण ते मी केलं," दप्तरराव म्हणाले.

"ते मला सांगितलंत, त्यांना सांगू नका."

"सव्वीस वर्षांत मी खोटी नोंद केलेली नाही."

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, शाळेला आजारी लिहिलंतच ना?"

"तळटीप दिली होती!"

थोरलीने झेरॉक्सवाल्याकडून पेन मागून घेतलं.

आत टोकन देणारं मशीन होतं. त्याने चौघांना तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर पाठवलं. बारा वर्षांवरच्या मुलांनी आपला अर्ज स्वतः भरायचा असा नियम होता, धाकट्याचा आईने भरला. दप्तररावांनी आपल्या खिडकीशी उभं राहून रकाना क्रमांक नऊ, 'पासपोर्ट कसा खराब झाला', यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'निम्नस्वाक्षरीकाराने पूर्ण शुद्धीत, कचेरीच्या प्रचलित पद्धतीनुसार, स्वहस्ते भोक पाडले.' जागा कमी पडली म्हणून पुरवणी जोडली. लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं.

तासाभराने चारही अर्ज एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले आणि चौघांना आत बोलावणं आलं. अधिकारी चष्मा पुसत होता. जन्मभर अर्ज वाचून कंटाळलेल्या माणसाला बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाचायला मिळालं होतं.

"तुम्ही लिहिता, तुम्ही पाडलं," तो दप्तररावांना म्हणाला. "या बाई स्वतःच्या आणि मुलाच्या, दोन्ही अर्जांत लिहितात, 'साफसफाई करताना माझ्या हातून झालं.'"

दप्तरराव बायकोकडे वळले. "तू?"

"तुमच्यावर खात्याची चौकशी लागली असती. नोकरी आहे ती एक, ती तरी राहू दे."

"आणि ही मुलगी लिहिते, 'खेळताना मी केलं. घरच्यांचा दोष नाही.'"

धाकट्याला आपण मागे पडतोय असं वाटलं. "मी दोरी ओवली," तो म्हणाला. खोलीतलं ते दुसरं खरं विधान होतं.

अधिकाऱ्याने चष्मा चढवला आणि थोरलीकडे पाहिलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढून तो आवाज उतरवून म्हणाला, "हे बघा, मलाही पोरंबाळं आहेत. मुलीने लिहिलेलं कारण मी चौघांसाठी धरतो. तुम्हा दोघांची मागे घ्या, गैरसमजाने लिहिली म्हणा. तीन आठवड्यांत पासपोर्ट. कुणाची हरकत?"

बायकोने दप्तररावांच्या दंडाला घट्ट धरलं. थोरलीने बापाकडे पाहिलं. बऱ्याच महिन्यांनी तिने असं सरळ पाहिलं. त्या नजरेत एकच मागणी होती आणि ती तेरा वर्षांच्या पोरीने करावी इतकी साधी होती : गप्प बसा.

आणि दप्तरराव गप्प बसले. हे नमूद करणं न्यायाचं होईल. मिनिटभर, पूर्ण मिनिटभर, त्यांनी सव्वीस वर्षांची नीतिमत्ता गिळून धरली.

"ठीक," अधिकारी म्हणाला. "नोंदीपुरतं विचारतो. बाळ, कशाने पाडलंस?"

थोरलीने ते मशीन कधी चालवलं नव्हतं. "कंपासने," ती म्हणाली. "कंपासपेटीतल्या. टोकाने."

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि लिहायला घेतलं, "कंपा..."

"कंपासने असं भोक पडेल?" दप्तरराव म्हणाले.

बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघाल्यावर त्यांना थांबता येईना. "कडा बघा साहेब. कुठे दोरा सुटलाय? चुरगळलंय कुठे? छत्तीस पानं, वर कव्हर, आणि आरपार एकसारखं वर्तुळ. कोपऱ्यापासून अंतर मोजा, चारही पासपोर्टांत केसभर फरक निघणार नाही. याला हात लागतो! कंपासने पोरांनी खेळताना केलेलं काम आहे का हे?"

अधिकाऱ्याने पासपोर्ट उचलून कडा खरोखरच पाहिल्या.

"नाही," तो खेदाने म्हणाला. "काम चांगलं आहे."

त्याने पेनाला टोपण लावलं, काढलं, आणि दुसरा कागद घेतला. एकाच नुकसानीबद्दल परस्परविरोधी तीन कबुल्या, त्यातली एक अल्पवयीन मुलीची, तीही कुणाच्या तरी दबावाखाली असल्याचा संशय. आता त्याच्याही हातात काही उरलं नव्हतं. चौघांची वेगवेगळी चौकशी होणार. सहा महिन्यांत? छे, वर्ष तरी लागेल. आणि तोवर, त्याने लिहिता लिहिता वाचून दाखवलं, वरील चौघांनी पूर्वपरवानगीशिवाय शहराची हद्द सोडू नये.

"कुणीच?" बायकोने विचारलं.

"कुणीच."

चौघं बाहेर जिन्यावर आले. बायको धाकट्याला पाणी पाजायला नळाकडे घेऊन गेली, म्हणजे तिने त्या दोघांना मुद्दाम सोडलं. थोरली कठड्याला टेकून उभी होती.

"एक मिनिट," ती म्हणाली. "आणखी एक मिनिट गप्प बसता आलं नाही तुम्हाला?"

"खोटं तुझ्या नावावर चढलं असतं. कायमचं रेकॉर्डला."

"चढू दे ना! मला यायचं होतं."

दप्तररावांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुला? तू तर म्हणालीस, तुम्ही जा."

"मग काय म्हणू? मी चार भाषांत 'माझा भाऊ हरवला आहे' म्हणायला शिकले. त्या बावळटाला कुठेतरी लिफ्ट दिसणार आणि तो पळणार, म्हणून." तिचा आवाज फुटला आणि तिला त्याचाच राग आला. "चार भाषांत!"

"अगं, मग आधी सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही कळवलंत."

दप्तरराव पायरीवर बसले. घड्याळ त्यांनी मांडीवर घेतलं. येणारे-जाणारे वळून बघत होते, आणि एकाने तर थांबून वेळ विचारली. त्यांनी ती सांगितली.

"आता विचारतो," ते म्हणाले. "येशील?"

"कुठे?"

घरात भाडेकरू होता, शाळेच्या पटावर नाव नव्हतं, कचेरीने पोकळी निर्माण झाल्याचं जाहीर केलं होतं, आणि हद्दीबाहेर जायची बंदी होती. दप्तरराव आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, "मला माहीत नाही."

थोरलीने नाक पुसलं. ती बापाच्या शेजारी बसली नाही. दोन पायऱ्या खाली, पाठ करून बसली. पण उठून गेली नाही.